एक खोरं, चार वर्षं: कोल्हापुरात राहून पृथ्वी-प्रणाली विज्ञान कसं शिकावं

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये हेच पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पण शहरात उघडीप असताना पंचगंगा चढत का राहते, असं विचारलं तर उत्तराचा एक तुकडा हवामानशास्त्रात सापडतो, दुसरा भूविज्ञानात, तिसरा धरणाच्या दरवाजांत आणि चौथा नृसिंहवाडीला, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथल्या कृष्णेच्या फुगवट्यात. हे तुकडे एकाच हिशेबात बसवायला शिकवणारी शाखा म्हणजे पृथ्वी-प्रणाली विज्ञान. पदवीच्या पातळीवर ती कशी शिकायची, कोल्हापुरात राहून त्यासाठी काय जुळवावं लागतं आणि गाडी कुठे अडते, ते पुढे दिलं आहे.

शिकायचं नेमकं काय

वातावरण, पाणी, खडक-माती, जीवसृष्टी आणि बर्फ हे पृथ्वीचे पाच भाग शाळेतच भेटतात. या शाखेचा भर त्यांच्यातल्या देवाणघेवाणीवर असतो. १९८० च्या दशकात फ्रान्सिस ब्रेथर्टन यांच्या अध्यक्षतेखालच्या 'नासा'च्या समितीने समुद्र, ढग, जंगल, माती यांच्या चौकटी काढून त्यांना बाणांनी जोडलं. तो आराखडा आजही या विषयाच्या पहिल्या तासाला दाखवला जातो. भारतात २००६ साली पृथ्वी विज्ञान मंत्रालय झालं. हवामान खातं, पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, हैदराबादचं महासागर माहिती केंद्र आणि गोव्याचं ध्रुवीय संशोधन केंद्र आज त्याच छत्राखाली काम करतात.

सगळ्या विषयाचा पाया तीन शब्दांवर आहे: साठा, प्रवाह आणि प्रतिसाद. राधानगरी धरणात आत्ता असलेलं पाणी हा साठा. दरवाजातून सुटणारं पाणी हा प्रवाह. प्रतिसाद समजायलाही राधानगरीइतकं चांगलं उदाहरण नाही. तिथले सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोचलं की आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. बदल झाला की त्यालाच आळा घालणाऱ्या या साखळीला ऋण प्रतिसाद म्हणतात. हिमालयात बर्फ वितळलं की खालची काळी जमीन उघडी पडते, ती जास्त ऊन शोषते आणि आणखी बर्फ वितळतं. हा धन प्रतिसाद. ऋण म्हणजे वाईट आणि धन म्हणजे चांगला, हा गोंधळ पहिल्या वर्षी हमखास होतो. बरेचदा उलटंच असतं.

पदवीचं नाव आणि आतले विषय

थेट या शाखेकडे नेणारी पदवी मोजक्या ठिकाणी मिळते. पुण्याच्या आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) पाच वर्षांच्या बीएस-एमएसमध्ये पृथ्वी व हवामान विज्ञानाकडे वळता येतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही चार वर्षांच्या संशोधन पदवीत पृथ्वी व पर्यावरण विज्ञानाची वाट आहे. आयसरच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणिताचे प्रत्येकी १५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. अकरावीला गणित किंवा जीवशास्त्र सोडलं की पाव पेपर परका होतो. म्हणून या शाखेकडे जायचं मनात असेल तर अकरावीत चारही विषय ठेवा. बारावीत ही चूक दुरुस्त होत नाही.

कोल्हापुरातच राहायचं असेल तर शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातली बी.एस्सी. हा सरळ मार्ग आहे. विषयांची जुळणी मात्र स्वतः करावी लागते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे ते पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), खुला विषय, कौशल्याचे कोर्स, क्षेत्र प्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग असे खण आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० श्रेयांक (क्रेडिट) लागतात. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचा ३० तास. चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्स म्हणून करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. पहिल्या वर्षी निष्काळजीपणे सोडलेला पेपर इथे आडवा येतो.

महाविद्यालयात नसलेला विषय, समजा समुद्रविज्ञान किंवा वातावरणाचं भौतिकशास्त्र, 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरून करता येतो. त्यात दोन अडचणी येतात. पहिली अशी की कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नोंद झाली असं होत नाही. परीक्षेचा अर्ज वेगळा असतो, त्याची फी आणि मुदतही वेगळी. दुसरी अडचण श्रेयांकांची. ते तुमच्या निकालपत्रात धरले जाणार का, याची लेखी मंजुरी कोर्स सुरू होण्याआधी विभागप्रमुखांकडून घ्या. प्रमाणपत्र हातात आल्यावर मागायला गेलात तर नियमात बसेलच याची खात्री नसते.

मेजर कोणता

एकट्याने शिकायला जे सगळ्यात कठीण, ते मेजर म्हणून घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. नकाशाचं सॉफ्टवेअर दोन महिन्यांत घरी बसून येतं. आंशिक विकलक समीकरणं किंवा उष्मागतिकी शिक्षक आणि परीक्षेच्या धाकाशिवाय फार थोड्यांना येते. म्हणून भौतिकशास्त्र, गणित किंवा रसायन मेजर आणि भूगोल, पर्यावरण किंवा भूविज्ञान यांपैकी जे मिळेल ते मायनर, अशी जोडी बहुतेकांना पुढे उपयोगी पडते. ज्यांचा ओढा जंगल आणि पठारांकडे आहे त्यांनी वनस्पतिशास्त्र मेजर घेऊन रसायन आणि संख्याशास्त्र जोडावं. गणिताचं खरोखर ओझं वाटत असेल तर भूगोल मेजर घ्या, पण संख्याशास्त्र मायनर सोडू नका.

हे सांगण्यामागे व्यवहारही आहे. केंद्राच्या वन सेवा परीक्षेसाठी पदवीत भौतिक, रसायन, गणित, संख्याशास्त्र, वनस्पती, प्राणी, भूविज्ञान किंवा पशुवैद्यक यांपैकी किमान एक विषय लागतो, नाहीतर कृषी, वनविद्या किंवा अभियांत्रिकीची पदवी. नुसता भूगोल किंवा नुसतं पर्यावरणशास्त्र त्या यादीत नाही. वातावरणविज्ञानाच्या एम.एस्सी.ला बहुतेक ठिकाणी पदवीपर्यंत भौतिक आणि गणित झालेलं असावं लागतं. तेव्हा ज्या दोन-तीन ठिकाणी पुढे जावंसं वाटतं त्यांच्या पात्रतेची पानं पहिल्या वर्षाच्या प्रवेशाआधी वाचा. तिसऱ्या वर्षी ती वाचून हळहळणारे विद्यार्थी दरवर्षी असतात.

गणित: कमीत कमी किती

पहिल्या सत्रात एक गणित हाताने सोडवा. सूर्याकडून पृथ्वीला दर चौरस मीटरला १,३६१ वॅट मिळतात. त्यातलं ३० टक्के परावर्तित होतं. गोलाचं पृष्ठफळ त्याच्या छायेच्या चौपट, म्हणून उरलेल्याला चारने भागलं की सरासरी २३८ वॅट येतात. तापमान आणि उत्सर्जित ऊर्जा यांचं नातं सांगणाऱ्या स्टेफान-बोल्ट्झमनच्या नियमात ही संख्या घातली की तापमान २५५ केल्विन निघतं, म्हणजे उणे १८ अंश. प्रत्यक्षात पृष्ठभागाचं सरासरी तापमान सुमारे २८८ केल्विन आहे. मधले ३३ अंश हरितगृह वायूंचे. हवाईतल्या मौना लोआवर १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सुमारे ३१५ भाग होता, आता तो ४२० च्या वर आहे. ज्याने हे गणित एकदा स्वतः केलं त्याला हवामानबदलावर घोषणांच्या भाषेत बोलावं लागत नाही.

दुसरं गणित गळक्या हौदाचं. हौदात येणारं पाणी वजा त्यातून गळणारं पाणी म्हणजे साठ्यातला बदल. गळती साठ्याच्या प्रमाणात असेल तर साठा घातांकी वक्राने उतरतो. तो १० दिवसांत निम्मा झाला तर गळतीचा गुणांक ०.६९३ भागिले १०, म्हणजे दिवसाला सुमारे ०.०७. पाऊस थांबल्यावर नदीचा प्रवाह ओसरतो तो याच गणिताने, जमिनीतला ओलावा आटतो तोही, आणि तलावात शिरलेलं फॉस्फरस बाहेर पडतं तेही. एक समीकरण नीट येत असेल तर तीन विषयांचे दरवाजे उघडतात. संगणकावर हेच पायथॉनमध्ये दहा ओळींत लिहिता येतं. ती भाषा पहिल्या उन्हाळी सुट्टीत शिकून घ्या. शेवटच्या वर्षी प्रकल्प डोक्यावर असताना तिला वेळ मिळत नाही.

एक खोरं निवडा आणि ते सोडू नका

बहुविषयी पदवीचा मोठा धोका असा की सगळ्यातलं थोडं थोडं येतं आणि कशातच पाय रोवला जात नाही. त्यावर आम्हाला माहीत असलेला खात्रीचा उपाय एकच आहे. पहिल्या पावसाळ्यात एक खोरं निवडायचं आणि चारही वर्षं प्रत्येक विषयाचा क्षेत्र प्रकल्प, निबंध, प्रात्यक्षिक त्याच खोऱ्यावर करायचं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांपैकी एखादी नदी उगमापासून प्रयाग चिखलीच्या संगमापर्यंत पायाखाली घालता येते. संपूर्ण पंचगंगा विद्यार्थ्याला मोठी पडते.

कोल्हापूर त्यासाठी फार अनुकूल आहे. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो, शहरात हजाराच्या आसपास, आणि शिरोळकडे पाचशे-सहाशे. एसटीने एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्या अंतरात पावसाचं मान जवळपास दहापटीने उतरतं. त्याबरोबर माती, पीक, विहिरीचं पाणी, घराची कौलं, सगळं बदलतं.

पहिलं उपकरण स्वतः बनवा. १६ सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचं नरसाळं घ्या. त्याचं क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटिमीटर, म्हणजे २० मिलीलीटर पाणी जमलं की १ मिलीमीटर पाऊस. काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणि अगदी आडवा हवा. जवळच्या भिंतीपासून किंवा झाडापासून त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर ठेवा, नाहीतर वाऱ्याने पाऊस कमी भरतो. गच्चीवर ठेवलेलं मापक याच कारणाने खोटं बोलतं. मोजणी सकाळी साडेआठला, कारण हवामान खातं तेव्हाच मोजतं. खाली एक लिटरची बाटली लावली तर ती ५० मिलीमीटरलाच भरते. शहरात बहुतेक दिवशी ती पुरेल. घाटाकडे जुलैत एका दिवसात २०० मिलीमीटर सहज होतो, तिथे ५ लिटरचा कॅन लागतो. वाहून गेलेल्या दिवसाची नोंद शून्य करू नका, कोरी सोडा आणि शेजारी कारण लिहा. शून्य आणि 'माहीत नाही' यांत गल्लत झाली की वर्षभराची सरासरी वाया जाते.

पातळीचे आकडे वापरताना

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज प्रसिद्ध होते. ती तक्त्यात भरताना एक चूक इतक्या वेळा होते की ती वेगळी सांगायला हवी. पातळी फूट आणि इंचांत असते. ४३ फूट ९ इंच आणि त्यानंतर ४३ फूट १० इंच हे जर ४३.९ आणि ४३.१० असे भरले, तर संगणक दुसरा आकडा ४३.१ समजतो. चढती नदी आलेखात ०.८ फुटाने उतरलेली दिसते. इंचांना १२ ने भागूनच दशांश करा. ९ इंच म्हणजे ०.७५ आणि १० इंच म्हणजे ०.८३. त्यानंतर फुटांना ०.३०४८ ने गुणून मीटर करा.

दुसरी गोष्ट, हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पाणी अडवणाऱ्या फळ्या, म्हणजे बरगे, पावसाळ्याआधी काढतात आणि पाऊस सरला की पुन्हा घालतात. बरगे घातल्यावरची पातळी अडवलेल्या पाण्याची असते, तिच्यावरून नदीचा नैसर्गिक प्रवाह काढता येत नाही. तुमच्या नोंदवहीत बरगे घातल्याची आणि काढल्याची तारीख असायलाच हवी. पुरातही पातळी आणि प्रवाह एका रेषेत वाढत नाहीत. नदी पात्राबाहेर पडली की एका फुटात कितीतरी जास्त पाणी मावतं, आणि कृष्णा तुंबलेली असेल तर प्रवाह न वाढताही पातळी चढते. म्हणून शिरोळ तालुक्यातली कृष्णेची पातळी शेजारच्या रकान्यात हवीच. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे इकडे पूर वाढतो का, हा वादही विद्यार्थ्याने असाच हाताळावा. एकाच तासाच्या पातळ्या, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत, खालपासून वरपर्यंत एका कागदावर मांडाव्यात आणि मगच बोलावं.

क्युसेक, टीएमसी आणि पाण्याचा ताळा

धरणाच्या बातम्यांतले आकडे एकमेकांत बदलता आल्याशिवाय खोऱ्याचा हिशेब जमत नाही. सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक. एक अब्ज घनफूट म्हणजे एक टीएमसी, म्हणजेच सुमारे २.८३ कोटी घनमीटर. दिवसाचे ८६,४०० सेकंद, तेव्हा ११,५७४ क्युसेक चोवीस तास वाहिले की एक टीएमसी होतो. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. राधानगरीच्या एका स्वयंचलित दरवाजातून १,४२८ क्युसेक सुटतात. म्हणजे एक दरवाजा दिवसभर उघडा राहिला तर ०.१२ टीएमसी आणि सातही राहिले तर ०.८६ टीएमसी. धरणाची क्षमता सुमारे ८.३६ टीएमसी आहे. सात दरवाजे म्हणजे एका दिवसात धरणाचा दहावा हिस्सा.

आता त्याशेजारी पाऊस ठेवा. १०० चौरस किलोमीटरवर १०० मिलीमीटर पाऊस म्हणजे एक कोटी घनमीटर पाणी, म्हणजे ०.३५ टीएमसी. पंचगंगेचं राजाराम बंधाऱ्यापर्यंतचं क्षेत्र याच्या कितीतरी पट आहे आणि त्यातला मोठा भाग कुठल्याच धरणाच्या वर नाही. 'धरणातून पाणी सोडलं म्हणून पूर आला' हे वाक्य किती खरं, ते प्रत्येक पुरासाठी असं मोजून पाहता येतं. उत्तर दरवेळी एकच येत नाही.

वार्षिक ताळा साधा आहे: पाऊस = बाष्प होऊन गेलेलं + नदीने वाहून नेलेलं + जमिनीत आणि धरणात साठलेलं. विद्यार्थी तिन्ही बाजू वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतात आणि बेरीज जुळली नाही की घाबरतात. जुळणार नाहीच. किती टक्क्यांनी जुळली नाही आणि चूक कोणत्या आकड्यात असण्याचा संभव जास्त, हे लिहिणं हाच प्रकल्पाचा गाभा. बाष्पाचा आकडा सहसा सगळ्यात कच्चा असतो, विशेषतः बारमाही पाणी पिणाऱ्या उसाच्या पट्ट्यात.

खडक आणि माती

कोल्हापूरचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर वसला आहे. पन्हाळा, मसाई पठार आणि पश्चिमेच्या माथ्यांवर त्याचाच जांभा झाला. भरपूर पावसाने खडकातला चुना, मॅग्नेशियम, सोडा धुऊन नेला आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलं. या झिजेत हवेतला कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो आणि विरघळलेल्या रूपात नदीवाटे समुद्राकडे जातो. लाखो वर्षांच्या कार्बनचक्राचा हा एक मोठा बाण आहे आणि तो पन्हाळ्याच्या पायथ्याशी उभं राहून दाखवता येतो.

हातोडी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, उतार मोजणारं होकायंत्र आणि थेंबाच्या बाटलीत १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, एवढं क्षेत्रकामाला पुरतं. पन्हाळगड जागतिक वारशात आहे. गडावर हातोडी बाहेर काढू नका, नमुने रस्त्याच्या जुन्या कटाईतून घ्या. तेही उन्हाळ्यात. जांभा पाणी आत सोडतो, खालची चिकणमाती ते अडवते, आणि ओली झालेली ती चिकणमाती वरचा थर घेऊन घसरते. २०२१ च्या पावसाळ्यात पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला होता. पावसात अशा कटाईखाली उभं राहू नये. मसाई पठारावर काही सेंटिमीटर मातीवर सीतेची आसवं फुलतात. तिथे मातीचा नमुना घेताना चमच्यापेक्षा मोठं काही वापरू नका.

खाली शिरोळकडे याच गोष्टीचं दुसरं टोक आहे. काळी जमीन, कमी पाऊस, भरपूर पाटपाणी आणि निचरा नाही, म्हणून क्षारपड. मातीचा सामू (पीएच) एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन मोजतात आणि क्षारांसाठी विद्युत वाहकताही त्याच द्रावणात मोजली जाते. चूक होते ती पुढे. पुस्तकात क्षारयुक्त जमिनीसाठी दिलेली ४ डेसीसायमन प्रति मीटर ही मर्यादा संपृक्त मातीच्या अर्काची आहे. पातळ द्रावणाला ती लावली तर खराब जमीन चांगली ठरते. अहवालात द्रावणाचं प्रमाण लिहिलं नसेल तर तो आकडा वापरू नका. सामू ८.५ च्या वर असेल तर प्रश्न सोड्याचा असण्याची शक्यता धरा. अशी चोपण जमीन नुसत्या पाण्याने धुतली तर आणखी बिघडते, तिला आधी जिप्सम लागतं.

पाण्याची तपासणी

रंकाळा किंवा पंचगंगेतल्या विरघळलेल्या ऑक्सिजनची मोजणी हे दुसऱ्या वर्षाचं उत्तम प्रात्यक्षिक आहे. ३०० मिलीची काचेची बाटली पाण्याखालीच भरा आणि बुडबुडा न राहता तिथेच बूच लावा. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-ॲझाइड प्रत्येकी १ ते २ मिली काठावरच घाला. ॲझाइड विषारी आहे, हातमोजे हवेत. प्रयोगशाळेत येऊन रसायन घातलं तर तोवर सूक्ष्मजीवांनी ऑक्सिजन खाल्लेला असतो. २५ अंशाला समुद्रसपाटीवर लिटरमध्ये सुमारे ८.२ मिलिग्रॅम मावतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच असल्याने इथे थोडा कमी. शेवाळ असलेल्या तलावात दुपारी तीनला त्याहून जास्त आकडा येतो आणि पाणी उत्तम वाटतं. त्याच जागी पहाटे पाचला मोजलं तर मासे का मरतात ते कळतं. म्हणून वेळ न लिहिलेली नोंद निरुपयोगी. केंदाळाखाली आणि मोकळ्या पाण्यात एकाच तासाला मोजून पाहा, फरक स्वतःच दिसेल.

उपग्रहाची माहिती

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची १० मीटरची चित्रं फुकट मिळतात, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढगांमुळे हाती फारसं काही लागत नाही. पुरासाठी सेंटिनेल-१ चं रडार घ्यावं लागतं, ते ढगातून पाहतं. शांत पाणी त्यात काळं दिसतं. इथे तीन फसगती होतात. डोंगराची सावलीही काळीच दिसते, म्हणून उंचीचा नकाशा वापरून तीव्र उताराचा भाग आधी वगळा. पाण्यात उभा असलेला ऊस काळा न दिसता उलट उजळ दिसू शकतो, कारण रडारची लहर पाण्यावरून खोडावर आपटून परत येते. आपल्याकडे पूरपट्ट्यात ऊसच असल्याने नुसत्या काळ्या भागावरून काढलेलं क्षेत्र कमी भरतं. आणि एका उपग्रहाची फेरी १२ दिवसांची असल्याने पुराचा माथा दोन फेऱ्यांच्या मध्ये निघून जाऊ शकतो.

हवामान खात्याची १९०१ पासूनची जाळीदार पर्जन्य-माहिती अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाची आहे, म्हणजे एक चौकट सुमारे २७ किलोमीटरची. घाटमाथा आणि त्याची पर्जन्यछाया एकाच चौकटीत येतात. गगनबावड्याचा पाऊस तिच्यावरून सांगू नका. उपग्रहाच्या पावसाचा दिवस बहुधा ग्रीनिच वेळेने, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो, आणि तुमच्या मापकाचा सकाळी साडेआठला. दैनिक तुलना जुळत नसेल तर आधी हा तीन तासांचा फरक पाहा.

ऑन जॉब ट्रेनिंग आणि पुढची वाट

पाटबंधारे विभाग, भूजल सर्वेक्षण यंत्रणा, माती परीक्षण प्रयोगशाळा, साखर कारखान्याचा ऊस विकास विभाग, वन विभाग ही जवळची ठिकाणं. अर्ज महाविद्यालयाच्या पत्रासह हिवाळ्यासाठी करा. पुराच्या दिवसांत तिथल्या माणसांना शिकवायला उसंत नसते. दाजीपूरच्या जंगलात नमुने घ्यायला वन विभागाची लेखी परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. कराडला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि धरणाचा संबंध उलगडण्यासाठी तिथून कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विवर घेतलं आहे. ज्यांना भूकंपाकडे जायचं आहे त्यांनी तिथला मार्ग विचारावा.

एम.एस्सी.साठी आयआयटींची 'जॅम' ही सामायिक प्रवेश परीक्षा असते, तिच्यात पृथ्वी-प्रणाली असा पेपर नाही. भूविज्ञान, भौतिक, गणित, रसायन किंवा संख्याशास्त्र यांतून आपल्या मेजरचा पेपर द्यावा लागतो आणि कोणता पेपर कुठल्या अभ्यासक्रमाला चालतो हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावं लागतं. परीक्षा फेब्रुवारीत होते, पण अर्ज पावसाळा सरता सरता सुटतात, म्हणजे ऐन क्षेत्रकामात. इतर मागास वर्गाच्या विद्यार्थ्यांना नॉन-क्रीमी लेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याच्या प्रवेशासाठी काढलेला चालत नाही. तहसील कार्यालयात हा दुसरा नमुना मुद्दाम मागून घ्यावा लागतो. माहितीपत्रकात दाखल्याच्या तारखेची अट तपासून तो जुलै-ऑगस्टमध्येच काढून ठेवा.